चित्रकामासाठीं संगणकाचा पडदा कसा निवडावा?

भाताची झोडणी आटोपून घरांत चार पैसे आले कीं आमच्याकडील पालकांच्या मनांत मुलांच्या पुढील मार्गाचे विचार घोळूं लागतात. दोन वर्षांपूर्वीं अशाच दिवसांत मुरबाडकडील एका खेड्यांतले एक गृहस्थ आम्हांस शाळेंत भेटावयास आले. त्यांचा मुलगा आमचाच विद्यार्थी. रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा त्यानें दिलेल्या; दहावीनंतर शहापुरांतील फ्लेक्स व लग्नपत्रिकांच्या एका दुकानांत तो काम शिकत होता. आतां घरीं बसून स्वतःचीं कामें घ्यावीं असें त्याच्या मनानें घेतलें होतें.

"मास्तर," ते म्हणाले, "कंप्यूटरचा डबा जुना मिळाला. पडदा तेवढा नवा घ्यायचा. दुकानदार म्हणतो, मोठा घ्या, वांकडा घ्या, त्यावर गेमपण चालतो. पोरगा म्हणतो, तसला नको. आम्हांला त्यांतलं काय कळतंय? भात विकून पैसे आणलेत, पुन्हां आणतां यायचे नाहींत. तुम्हीच सांगा."

त्या दिवशीं आम्हीं त्यांस जें सांगितलें, व पुढें त्यांच्या मुलाबरोबर बसून आम्ही स्वतः जें शिकलों, तें येथें देत आहों. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसांचे फ्लेक्स, म्हसा येथील यात्रेचीं पत्रकें हीं कामें आतां शहापूर-मुरबाडमध्येंच होतात, व तीं करणारांत आमचे कित्येक माजी विद्यार्थी आहेत. त्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस या माहितीचा उपयोग होईल असें वाटतें.

आम्हांस या विषयांत बोलण्याचा अधिकार काय, तर एवढाच कीं आम्ही त्यांत एकदां चांगलेच ठेचाळलों आहों. कांहीं वर्षांपूर्वीं याच वार्षिकाच्या मुखपृष्ठासाठीं नववीच्या एका विद्यार्थिनीनें जलरंगांत माहुलीचा किल्ला काढिला होता. सुळक्यांवर ढग उतरलेले, खालीं खाचरांत पाणी तुंबलेलें, असें तें चित्र. श्रावणांतले दिवस होते. चित्राची प्रत संगणकावर घेतली तों कचेरींतील जुन्या पडद्यावर आभाळ पिवळट व मळकें दिसूं लागलें. मूळ चित्र शेजारींच ठेविलें होतें. त्याशीं जुळेपर्यंत आम्ही निळा रंग वाढवीत गेलों, आणि जुळलें असें वाटतांच प्रत छापखान्याकडे धाडली. छापून आलेले गठ्ठे सोडले तों आभाळ पिकल्या जांभळासारखें! पांचवींतला एक मुलगा "किल्ल्यावर जांभळं सांडलीत" असें म्हणून हंसला. ती मुलगी कांहीं बोलली नाहीं; अंक उलटा करून तिनें दप्तरांत ठेविला. छापखान्याच्या माणसानें आम्हीं पाठविलेली प्रत आपल्या पडद्यावर उघडून दाखविली, ती तशीच जांभळी होती. त्याचा कांहींच दोष नव्हता. आमचा पडदा खोटें बोलत होता, आणि आम्हीं त्याची साक्ष खरी मानली होती.

पडदा खोटें बोलतो म्हणजे काय, हें समजण्यास दोन लहान प्रयोग करून पाहावे. मोबाइलच्या पडद्यावर पांढरा भाग उजळलेला असतां त्यावर पाण्याचा अगदीं बारीक थेंब ठेवा व त्यांतून पाहा. थेंब भिंगाचें काम करतो, आणि पांढऱ्याच्या जागीं तांबडे, हिरवे व निळे ठिपके दिसूं लागतात. पांढरा असा तेथें कांहीं नाहींच; तीन रंगांचे इवलेसे दिवे एकदम पेटले म्हणजे आपला डोळा त्यांस पांढरा म्हणतो. आतां वर्तमानपत्रांतील एखाद्या रंगीत चित्रावर भिंग धरा. तेथें आकाशी, किरमिजी, पिवळे व काळे ठिपके सांपडतील.

चित्रकलेच्या तासाला तुम्ही तांबडा, पिवळा व निळा हे मूळ रंग म्हणून शिकतां. संगणकाकडे गेलांत कीं तांबडा, हिरवा व निळा असें ऐकूं येतें, आणि पुष्कळ मुलें गोंधळतात. दोहोंतही चूक नाहीं. रंग प्रकाश गिळतो, पडदा प्रकाश फेंकतो. तीन दिवे एकमेकांत मिसळले तर उजेड वाढत वाढत पांढरा होतो. तीन शाया मिसळल्या तर उजेड गिळला जाऊन चिखलासारखा काळपट रंग उरतो, म्हणूनच छापखान्यांत चौथी काळी शाई वेगळी ठेवावी लागते. दिव्याचे कांहीं रंग त्यामुळें शाईला मुळींच साधत नाहींत. पडद्यावरचा लखलखीत निळा कागदावर जांभळटतो, पोपटी मावळतो, भगवा विटल्यासारखा दिसतो. पडदा कितीही उत्तम घेतला तरी हा भेद नाहींसा होत नाहीं. परंतु छापल्यावर रंग कसा उतरेल हें आधीं दाखविण्याची सोय चित्रकामाच्या बहुतेक प्रोग्रॅमांत असते, आणि पडदा खरा असला तरच त्या सोयीस अर्थ.

आतां पडद्यांच्या जातींकडे वळूं, कारण अर्धा निवाडा तेथेंच होतो. सर्वांत स्वस्त जात टी.एन. नांवाची. समोर बसून पाहिलें तर ती बरी दिसते. पण उभें राहून पाहा, आभाळ फिकें पडतें. खुर्चींत खालीं सरका, तेंच काळवंडतें. आमच्या कचेरींतील जुना पडदा याच जातीचा होता. ज्या पडद्यावरचा रंग आपण मान हलविली कीं बदलतो, त्यावर रंगाचें काम कसें करावें? दुसरी जात व्ही.ए. हिचा काळा रंग दाट व गंभीर असतो, चित्रपट पाहण्यास ती छान. मात्र बाजूनें पाहतां हिचेही रंग पुसट होतात. तिसरी आय.पी.एस. ही १९९६ मध्यें जपानांतील हिताची कंपनीनें पुढें आणली. हिचा काळा किंचित् करडा वाटतो, परंतु समोरून, बाजूनें, वरून, कोठूनही पाहा, रंग जवळजवळ तोच राहतो. पित्यानें एका बाजूस बसून व गिऱ्हाइकानें दुसऱ्या बाजूस उभें राहून एकच पत्रिका पाहिली, तरी दोघांस एकच लाल रंग दिसतो. चित्रकामास हीच जात घ्यावी असें आमचें स्पष्ट मत आहे. ओलेड म्हणून एक चौथी जात आहे. तिचा काळा म्हणजे निव्वळ अंधार, व रंग फार सुंदर. पण ती महाग, आणि प्रोग्रॅमच्या पट्ट्या व खुणा तासन् तास एकाच जागीं राहिल्यास त्यांचा डाग कायमचा उमटण्याचें भय तिला असतें. नवशिक्यानें तिच्या वाटेस जाऊं नये.

यानंतर रंगांचें कुंपण पाहावें. प्रत्येक पडद्याला दाखवितां येणाऱ्या रंगांची एक मर्यादा असते. मनुष्याच्या डोळ्याला दिसणाऱ्या सर्व रंगांचा नकाशा १९३१ मध्यें प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय मंडळानें आंखून दिला, व त्या नकाशावर पडद्याचें कुंपण त्रिकोणासारखें काढतां येतें. १९९६ मध्यें दोन अमेरिकन कंपन्यांनीं, ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनीं, सर्वसाधारण वापरासाठीं एस.आर.जी.बी. नांवाचा एक त्रिकोण ठरविला. पुढें १९९८ मध्यें अडोबी कंपनीचा त्याहून मोठा त्रिकोण आला. हिरव्या-निळसर बाजूचे जे रंग छपाईला साधतात पण पहिल्यांत मावत नाहींत, ते यांत मावतात. फ्लेक्स व पत्रिका यांच्या कामास पहिला त्रिकोण पुरतो, परंतु तो पुरा भरलेला पाहिजे. पेटीवर "एस.आर.जी.बी. ९९ टक्के" किंवा "१०० टक्के" असें लिहिलेलें असावें. कांहीं पेट्यांवर त्याऐवजीं "एन.टी.एस.सी. ७२ टक्के" असें असतें, हा आंकडा लहान दिसला म्हणून घाबरूं नये. एन.टी.एस.सी. हा १९५३ च्या अमेरिकन दूरचित्रवाणीचा मोठा त्रिकोण. त्याचे ७२ टक्के म्हणजे क्षेत्रफळानें सुमारें एस.आर.जी.बी.एवढेंच. उलट, ७२ हून फार खालचा आंकडा असल्यास तो पडदा कुंकवाचा लाल कधींच नीट दाखविणार नाहीं. फार मोठा त्रिकोणही नवशिक्यास घातक ठरतो: प्रोग्रॅमनें रंगांचा हिशोब नीट ठेवला नाहीं तर साध्या चित्राचेही रंग अंगावर आल्यासारखे भडक दिसतात, व मनुष्य ते उगाच कमी करीत बसतो.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. पडदा ८ बिटांचा म्हणजे तीन दिव्यांपैकीं प्रत्येकाला उजेडाच्या २५६ पायऱ्या. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं २५६ चा घन करून पाहावा. १,६७,७७,२१६ रंग येतात. हलक्या पडद्यांत ६ बिट म्हणजे अवघ्या ६४ पायऱ्या असतात, आणि मधल्या पायऱ्यांचा भास दोन छटा झपाट्यानें आलटूनपालटून निर्माण केला जातो. अशा पडद्यावर सायंकाळच्या आभाळांत एकसारखी उतरती छटा न दिसतां पट्टे पट्टे दिसण्याचा संभव असतो, आणि ते पट्टे आपल्या चित्रांत आहेत कीं पडद्यांत, हें कळत नाहीं. रंगांतील चुकीचें माप "डेल्टा-ई" या नांवानें देतात. तें २ च्या आंत असलें म्हणजे सामान्य डोळ्यास फरक सहसा जाणवत नाहीं.

पडदा केवढा घ्यावा? दुकानदार मोठा घ्या म्हणतो, कारण मोठा महाग असतो. येथें थोडें गणित करावें. पडद्याचें माप कर्णावर घेतात. २४ इंची पडद्याची उंची सुमारें ३० सेंटिमीटर व रुंदी सुमारें ५३ सेंटिमीटर भरते. ए-४ कागद २१ रुंद व २९.७ उंच. म्हणजे त्या पडद्यावर ए-४ कागद खऱ्या आकारानें उभा बसतो. दोन कागद शेजारीं शेजारीं ठेवले तरी प्रोग्रॅमच्या साधनांसाठीं अकराएक सेंटिमीटर जागा उरते. पत्रिकेच्या कामाला याहून सोयीचें माप आम्हांस ठाऊक नाहीं. २७ इंची पडदा ऐसपैस, पण तो घ्यावयाचा तर त्यावरील ठिपक्यांची संख्याही वाढली पाहिजे. १९२० गुणिले १०८० ठिपके २४ इंची पडद्यावर असतां इंचास सुमारें ९२ पडतात. तेच ठिपके २७ इंचांवर पसरले कीं इंचास ८२ च उरतात, आणि अक्षरें विरळ दिसूं लागतात. २७ इंचास २५६० गुणिले १४४० हवे. मग इंचास १०९ होतात.

इंग्रजी लिपीपेक्षां आपल्या देवनागरीला हें अधिक लागू आहे. १० पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला ९२ ठिपक्यांच्या पडद्यावर खऱ्या आकारांत उंचीला जेमतेम १३ ठिपके येतात. त्या तेरांत शिरोरेषा, वर वेलांटी, रफार व अनुस्वार, खालीं उकार, सारें मावावयाचें! लग्नपत्रिकेंत वधूच्या नांवामागें "चि. सौ. कां." असतें, त्यांतील अनुस्वार पडद्यावर दिसला नाहीं, कागदावरही छापला गेला नाहीं, आणि पत्रिका गांवभर वाटून झाल्यावर आजोबांच्या लक्षांत आला, असा प्रसंग आम्ही पाहिला आहे. लहान वयांत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम केलेल्या जावजी दादाजींनीं १८६९ मध्यें मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढिला, व त्यांच्या सुबक ठशांची कीर्ति सर्व देशभर झाली. ते शिशांत ओतलेलें अक्षर हातांत घेऊन पाहत. आपल्याला तें प्रकाशाच्या ठिपक्यांत पाहावयाचें आहे एवढाच फरक. पडदा लहान असो वा मोठा, शेवटची तपासणी मात्र अक्षर दुप्पट-तिप्पट मोठें करूनच करावी.

ज्या गोष्टींसाठीं पैसे देऊं नयेत त्याही सांगून टाकतों. सेकंदास १६५ वेळां चित्र बदलणारा पडदा खेळणाऱ्यांसाठीं; स्थिर चित्राला ६० किंवा ७५ पुष्कळ झाले. वांकडा पडदा पाहण्यास मौजेचा, परंतु ज्याला पत्रिकेची चौकट सरळ आहे कीं नाहीं हें पाहावयाचें आहे त्यानें वांकड्या पृष्ठभागावर कां पाहावें? स्वस्त पडद्यांवरील "एच.डी.आर."ची चिठ्ठी, पाठीमागचे रंगीत दिवे, आंतले कर्णे, हें सर्व सोडून द्यावें. त्या पैशांत उंची कमीजास्त करतां येणारी बैठक मिळत असेल तर ती घ्यावी, मान दुखत नाहीं. पृष्ठभाग चकचकीत नसून मंद असावा, नाहीं तर दाराबाहेरचें अंगण चित्रांत उमटतें.

पडदा घरीं आणला म्हणजे काम संपत नाहीं. नवे पडदे डोळ्यांत भरावे म्हणून दुकानांत फार उजळ ठेविलेले असतात. कागदाशीं ताडून पाहण्याच्या कामीं उजेड १०० ते १२० कँडेलांपर्यंत उतरवावा. माप घेण्याचें साधन नसल्यास एक पांढरा कागद खोलीच्या उजेडांत पडद्याशेजारीं धरून दोहोंची उजळी सारखी वाटेपर्यंत कमी करीत जावें. रंगाची उष्णता ६५०० व गॅमा २.२ ठेवावा. "व्हिव्हिड", "मूव्ही", "गेम" असल्या तयार बैठकींना हात लावूं नये. पडदा सुरू करून अर्धा तास झाल्यावरच रंग ठरवावे. रंग मापणारें एक छोटें यंत्र पडद्यावर टेकवून ठेवितां येतें. तें एकट्यास परवडत नसेल तर चारपांच जणांनीं मिळून घ्यावें. तें लागतें महिन्या-दोन महिन्यांतून एकदां.

आणि खोली. ही गोष्ट आम्हांस कोणत्याही पुस्तकानें शिकविली नाहीं, त्या मुलानें शिकविली. एके दिवशीं माहुलीच्या त्या मुखपृष्ठाची हकिकत त्यास सांगत असतां त्यानें मध्येंच विचारलें, "सर, तेव्हां कचेरीच्या पडवीला ताडपत्री होती का?" होती. आमच्याकडे पावसाची झड येऊं नये म्हणून जूनपासून पडवीला निळी ताडपत्री बांधतात; तिच्यांतून येणारा सगळा उजेड निळा. त्या उजेडांत मूळ चित्राचें आभाळ होतें त्याहून निळें दिसत होतें, व त्याच्याशीं आम्ही पडदा जुळवीत बसलों होतों! म्हणजे सारा दोष त्या बापड्या जुन्या पडद्यावर टाकणें न्यायाचें नव्हतें. दोन खोटे साक्षीदार एकमेकांस दुजोरा देत होते. तेव्हां काम करण्याच्या जागेला ताडपत्री बांधणें भागच असेल तर चित्राची तुलना दुसऱ्या, साध्या उजेडाच्या खोलींत करावी. पोपटी वा गडद निळ्या भिंतीही हेंच करतात. पडद्यामागची व समोरची भिंत पांढरी किंवा फिकी करडी असावी. खिडकी पडद्याच्या समोर किंवा थेट मागें नसून बाजूस असावी.

अलीकडे गिऱ्हाईक पत्रिकेचा नमुना व्हॉट्सॲपवर मागवितो व स्वतःच्या फोनवर पाहून पसंत करतो. प्रत्येक फोनचा पडदा निराळा, बहुतेक भडक. तुमचा पडदा कितीही खरा असला तरी अशा पसंतीवर शंभर पत्रिकांचेंही काम छापावयास देऊं नये. एक प्रत कागदावर काढून, त्यावर गिऱ्हाइकाची सही घेऊन मगच पुढें जावें. हळदीचा पिवळा हिरवट आला म्हणून पत्रिका परत येतात तेव्हां कागदाचे पैसे करणाऱ्याच्या पदरचे जातात.

विजेविषयीं दोन शब्द. २४ इंची पडद्यास सुमारें २० ते २५ वॅट वीज लागते, तेव्हां बिलाची काळजी नाहीं. काळजी आहे ती कमीजास्त होणाऱ्या दाबाची व वळवाच्या विजांची. ६०० व्ही.ए.चा साधा यू.पी.एस. घेतला कीं दिवे गेल्यावर काम जपून ठेवण्यापुरतीं कांहीं मिनिटें मिळतात. गडगडाट सुरू होतांच पिना भिंतीतून काढून ठेवाव्या.

खरेदीस आमच्याकडील लोक कल्याण-उल्हासनगरला, किंवा आसनगांवहून गाडीनें मुंबईस लॅमिंग्टन रोडला जातात. जातांना पेन ड्राइव्हवर सबंध पांढरें, काळें, तांबडें, हिरवें, निळें व करडें अशीं सहा साधीं पानें, स्वतः काढलेलें एक चित्र, आणि त्याच चित्राची चांगली छापील प्रत बरोबर न्यावी. साध्या पानांवर मेलेला ठिपका, कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड किंवा एका बाजूस पिवळेपणा चटकन दिसतो. किती मेलेले ठिपके असल्यास पडदा बदलून मिळेल हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें. पुष्कळ कंपन्या एकदोन ठिपक्यांसाठीं बदलून देत नाहींत. आपल्या जुन्या संगणकाला कोणतें तोंड आहे तेंही पाहून जावें. एच.डी.एम.आय. किंवा डिस्प्ले पोर्ट असल्यास उत्तम; जुन्या व्ही.जी.ए.च्या तारेनें अक्षरांच्या कडा पुसट होतात. चार हजार ठिपक्यांचा "फोर के" पडदा जुन्या एच.डी.एम.आय.वर सेकंदास ३० वेळांच चालतो व उंदराची खूण अडखळत फिरते.

त्या गृहस्थांनीं अखेर २४ इंची, सपाट, आय.पी.एस. जातीचा, एस.आर.जी.बी. पुरा भरणारा पडदा घेतला. दुकानदारानें दाखविलेल्या वांकड्या पडद्यापेक्षां तो स्वस्त पडला, व उरलेल्या पैशांत यू.पी.एस. आला. कल्याणहून मुरबाडच्या एस.टी.त पेटी टपावर किंवा आडवी ठेवावयाची नाहीं असें मुलानें त्यांस बजाविलें होतें, म्हणून सबंध वाट त्यांनीं ती दोन्ही हातांनीं उभी धरून मांडीवर घेतली. पेटी व आंतले थर्मोकोलचे तुकडे मुदत संपेपर्यंत टाकूं नयेत. दुरुस्तीस पाठवावयाची वेळ आली तर तींच लागतात. त्यांनीं तीं माळ्यावर, भाताच्या कणगीशेजारीं ठेविलीं आहेत.